घंटा नसलेला वर्ग

शाळेच्या घंटेचे मोल ती वाजेनाशी झाली तेव्हा ध्यानात आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि त्या जूनमध्ये महाराष्ट्रातील मुलांचे नवे शैक्षणिक वर्ष घरातच उजाडले. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा शासनाचा कार्यक्रम आला. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका आली. परतूरसारख्या तालुक्याच्या गावी तेव्हा चर्चा होती ती मोबाईल कोणाकडे आहे आणि रेंज कोठे मिळते याची. ती अनाठायी नव्हती. परंतु साधन हाती येऊनही पुष्कळांचा अभ्यास का होईना, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला, आणि तो अद्याप सुटलेला नाही.

शाळा-महाविद्यालये पुन्हा भरू लागली, तरी ऑनलाइन वर्ग उठलेला नाही. केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयं’वरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय पुरे करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी दिली. परतूर लोहमार्गावर आहे, जालना व परभणी दोन्हीकडे जाता येते. तरीही रोज जाण्या-येण्याची परवानगी न मिळणारी मुलगी, किंवा कचेरी न सोडता येणारा कारकून, यांना हा वर्ग म्हणजे पुष्कळदा एकमेव वाट असते. ती अर्ध्यावर सुटली तर दुसरी नाही.

घरी बसून शिकणे महाराष्ट्राला नवीन नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, आणि नोकरी सांभाळून पदवी घेणाऱ्यांच्या पिढ्या त्यातून बाहेर पडल्या. मात्र पुस्तकांचा संच घरी आणून तो परीक्षेच्या महिनाभर आधी उघडायचा, ही एक खोडही त्याच वाटेवर पुष्कळांना जडली. ऑनलाइन अभ्यासक्रमात ती चालत नाही. ‘स्वयं’वरील एनपीटीईलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला स्वाध्याय असतो, त्यांतील सर्वोत्तम आठांचे गुण धरून शेकडा २५, आणि उरलेले ७५ गुण केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावयाच्या परीक्षेचे. पहिले पाच आठवडे ज्याने दवडले, त्याच्या हाती आठ स्वाध्यायसुद्धा उरत नाहीत.

वर्गात जे आपोआप घडते, ते येथे स्वतः घडवावे लागते. समोर शिक्षक फळ्यावर लिहीत असला की हातही लिहू लागतो. पडद्यावरचा शिक्षक पाहताना हात रिकामा राहतो, आणि पाहिलेले समजल्याचा भास तेवढा होतो. त्यात दुप्पट वेगाने व्याख्यान पळविण्याची सोय! तासाचे व्याख्यान अर्ध्या तासात संपल्याचे समाधान मिळते, इतकेच. दहा मिनिटांनी चित्र थांबवावे, आत्ता काय सांगितले ते न पाहता वहीत आपल्या शब्दांत चार ओळी लिहावे, आणि न जमल्यास तेवढाच भाग पुन्हा ऐकावा. वेळ दुप्पट लागतो हे कबूल. पण वर्गात शिकून घरी उजळणी करणाऱ्यालाही तो लागतच असे. रेंज वा वीज ऐनवेळी दगा देते, म्हणून उद्याचे व्याख्यान आज रात्रीच उतरवून ठेवावे. शंका सुचेल त्या क्षणी टिपावी. वर्गातल्यासारखा शेजारी येथे नसतो, आणि न लिहिलेली शंका संध्याकाळपर्यंत शंका म्हणूनही उरत नाही.

याहून अवघड गोष्ट घरातली आहे. मुलगी दप्तर घेऊन बाहेर पडली की तिला कोणी हाक मारीत नाही. तीच मुलगी खोलीत मोबाईलसमोर बसली की ती ‘रिकामी’ ठरते: कोणी आले तर चहा तिने टाकायचा, धाकट्याला तिने पाहायचे, आणि मोबाईल वडिलांना लागला तर वर्ग तेथेच संपला. मुलाला ही सवलत अनेकदा मिळते, मुलीला क्वचितच. हे कटू असले तरी खरे आहे. तिच्या अभ्यासाच्या सवयी बदलण्याआधी घराची सवय बदलावी लागेल. रोजची एकच वेळ ठरवून ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सर्वांसमक्ष लिहिली, आणि त्या वेळात मुलगी घरात नाही असे धरले, तर निम्मा प्रश्न सुटेल.

उरलेला निम्मा घरात सुटणारा नाही, कारण दोन खोल्यांच्या घरात कोपरा कोठून आणायचा? गावातील शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामेच असतात. त्यांतला एक जरी सहा ते आठ उघडा ठेवला, एखाद्या शिक्षकाने आळीपाळीने तेथे नुसते बसण्याचे मान्य केले, तर घरी वेळ न मिळणाऱ्यांना निदान बाक आणि शांतता मिळेल. खर्च दिव्याचा, आणि शिपायाच्या दोन तासांच्या भत्त्याचा.