सोलापूरहून शिकागोला, सगळं घर घेऊन

कंपनीकडून बदलीचं पत्र येतं ते एका माणसाच्या नावाने. त्यात पगार असतो, रुजू होण्याची तारीख असते, पुष्कळदा विमानाची तिकिटं आणि सुरुवातीचे काही आठवडे राहण्याची सोयही असते. घरात मात्र चार-पाच माणसं असतात. होटगी रोडवर काय किंवा जुळे सोलापुरात काय, पत्र आलं की आधी पेढे वाटले जातात आणि मग प्रश्न सुरू होतात. हिच्या नोकरीचं काय? पोराला शाळेतून कधी काढायचं? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जाण्याआधी की नंतर? ज्याला नोकरी मिळाली त्याचे कागद कंपनीचा वकील चोख करून देतो. बाकीच्यांची तयारी घरानेच करायची असते. ती फार उशिरा सुरू होते आणि पहिल्या वर्षातले निम्मे मनस्ताप त्यातूनच येतात.

मराठी माणसाने लेकराबाळांसह अमेरिकेतल्या मोठ्या शहरात उतरणं तसं जुनंच. मार्च १८८६मध्ये पंडिता रमाबाई पाच वर्षंही पूर्ण न झालेल्या मनोरमेला घेऊन फिलाडेल्फियाला पोचल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं. ११ मार्चला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. रमाबाई पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या आणि तिथे उभ्या केलेल्या मदतीवर त्यांनी १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पुणे-सोलापूर गाडीतून दिसणारं केडगाव ही त्यांची नंतरची कर्मभूमी. पुढे अमेरिकेने दार लावून घेतलं. १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानातून जाणाऱ्यांना बंदी झाली, १९४६मध्ये ती उठली तेव्हा वर्षाला जेमतेम शंभर जणांची सोय होती. १९६५च्या कायद्याने मूळ देश पाहून ठरवलेला कोटा रद्द केला आणि मग आपले डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने निघाले. १९६९मध्ये शिकागोत महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, १९८१मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ.

आज वालचंद इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेला सोलापूरचा इंजिनिअर आधी पुणे किंवा हैदराबाद गाठतो आणि तिथून अमेरिकेला जातो. त्याचा व्हिसा कोणता, हा प्रश्न त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोच्या आयुष्यावर जास्त परिणाम करतो. कंपनीने एल-१ वर, म्हणजे अंतर्गत बदलीवर पाठवलं, तर सोबत जाणाऱ्या जोडीदाराला तिथे नोकरी करता येते. एच-१बी असेल तर जोडीदाराला एच-४ मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. मे २०१५पासून एच-४ वाल्या काही जणांना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा लागतो. त्याला वर्षं लागू शकतात. शिवाय २१ सप्टेंबर २०२५पासून अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी केलेल्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क आलं. एल-१ला ते नाही. कंपनीशी बोलताना व्हिसा कोणता, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघायला हवा. तो निघत नाही, कारण घरात आलेल्या आनंदावर विरजण घालायला कुणी तयार नसतं.

सोलापुरात बँकेत अधिकारी असलेली, शाळेत शिकवणारी किंवा स्वतःचा दवाखाना चालवणारी बाई शिकागोत अचानक दिवसभर घरात बसते. डॉक्टर असली तर तिथल्या परीक्षा आणि रेसिडेन्सी पार केल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. शिक्षिका असली तर त्या राज्याचा परवाना लागतो. तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. पुष्कळदा तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही. यावर लगेच उपाय नाही, पण शिकायला मनाई नाही. एच-४ वर कॉलेजात प्रवेश घेता येतो. त्यासाठी विद्यापीठाच्या गुणपत्रकांच्या अधिकृत, मोहोरबंद प्रती लागतात आणि त्या सोलापुरात असतानाच विद्यापीठात खेटे घालून काढून ठेवणं हजारपट सोपं. बाईने स्वतःच्या कामाचा आराखडा विमानात बसण्याआधी तयार ठेवावा आणि घराने तो नवऱ्याच्या नोकरीइतकाच गंभीरपणे घ्यावा.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर आद्याक्षरं, आणि पासपोर्टच्या अर्जात तर नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हे तिथल्या शाळेच्या कारकुनाला कळण्याचं कारण नाही. नावाचा रकाना रिकामा राहिला तर व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) ही तीन अक्षरं छापून येतात आणि बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत सगळीकडे चिकटून राहतात.

जन्मदाखल्याचीही एक खास सोलापुरी अडचण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि सोलापूरकरणींची माहेरं विजयपूर, इंडी, कलबुर्गी, आळंद या बाजूला पुष्कळ. नोंद त्या गावची, दाखला कन्नडमध्ये. अमेरिकेतल्या कार्यालयाला त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. कधी दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. ज्याची नोंदच झालेली नाही त्याला ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला आणि जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं लागतात. हे आज व्हिसासाठी नाही लागलं तरी उद्या ग्रीन कार्डाच्या वेळी लागतंच, आणि तोवर ते जाणते नातेवाईक असतीलच असं नाही.

पासपोर्टची कामं सोलापुरातच पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रात होतात. व्हिसासाठी मात्र मुंबई गाठावी लागते. बोटांचे ठसे एका दिवशी, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत दुसऱ्या दिवशी. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीतून जाता येतं, फेब्रुवारी २०२३पासून वंदे भारतही आहे. पण मुक्कामाची सोय धरूनच निघावं.

निघायचा महिना मुलांच्या शाळेवरून ठरवावा. शिकागोत शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते आणि जूनमध्ये संपते, म्हणून जून-जुलैत पोचलेलं मूल पहिल्या दिवसापासून वर्गात असतं. सरकारी शाळा बारावीपर्यंत मोफत असते आणि वर्ग बहुतेक वयावरून ठरतो. प्रवेश पत्त्यावर मिळतो, हे मात्र आपल्याकडच्या पालकांच्या लवकर पचनी पडत नाही. घर ज्या हद्दीत, त्या हद्दीतली शाळा. शाळांना बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून दोन शेजारच्या हद्दींमधल्या शाळांत आणि घरभाड्यांतही मोठा फरक असू शकतो. नेपरव्हिल, शॉमबर्ग, ऑरोरा या उपनगरांत भारतीय कुटुंबं एकवटली त्यामागे शाळा हे मोठं कारण आहे. पण नेपरव्हिल ते शिकागोचा मध्यभाग साधारण ४५ किलोमीटर, सोलापूर-अक्कलकोटपेक्षाही थोडं जास्तच. कामावर जाणारा लोकलने जातो. घरी राहणारीला गाडी चालवता येत नसेल तर दूध आणायलाही दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं. निघण्याआधी दोघांनीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो वर्षभर चालतो. तिथला परवाना काढायचाच आहे, पण निदान सरावाची सुरुवात होते.

शाळेत लसींचा दाखला मागतात. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही; कांजिण्यांचीही नाही. इलिनॉय राज्यात शाळेसाठी दोन्ही लागतात. सोलापुरातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे त्या टोचून मिळतात आणि तिथल्यापेक्षा खूप स्वस्तात. बाळाला जन्मतः दिलेल्या बीसीजीमुळे तिथली क्षयाची त्वचा चाचणी चुकीचा संशय दाखवू शकते. अशा वेळी रक्ताची चाचणी करा म्हणून आईवडिलांनी आग्रह धरावा. दातांची आणि चष्म्याची कामंही उरकून निघावीत. तिकडे आरोग्य विमा असला तरी दात आणि डोळे यांचा विमा बहुधा वेगळा असतो. आणि नोकरी लागल्यावर घरच्यांची नावं विम्यात घालण्याची मुदत बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची असते. ती चुकली तर पुढच्या वर्षाच्या नोंदणीपर्यंत थांबण्याची वेळ येते.

पैशाच्या बाबतीत सोलापुरात चांगली पत असलेला माणूस तिथे पहिल्या दिवशी कोरी पाटी असतो. ३०० ते ८५० अंकांच्या त्यांच्या पतमापनात त्याची नोंदच नसते, म्हणून घरमालक जास्त अनामत मागतो. भाडेकरार बहुतेक वर्षाचा असतो. हीटिंगचा खर्च भाड्यात धरलाय की वेगळा, हे सही करण्याआधी विचारावं. ३० जानेवारी २०१९ला शिकागोच्या विमानतळावर पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला होता. मे महिन्यात चाळिशीपार तापणाऱ्या गावातून आलेल्यांना हा प्रश्न सुचतच नाही.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. वडिलांसोबत सोलापूरच्या बँकेत असलेलं संयुक्त खातंही अमेरिकेच्या हिशेबात येतं. तिथल्या करदात्याच्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर सरकारला कळवावं लागतं, मग त्यातला रुपया न रुपया वडिलांच्या पेन्शनचा का असेना.

सामानाबद्दल सगळ्यांनाच उत्साह असतो. घरी वजनकाटा येतो, बॅग दहादा उघडली जाते. कडक भाकरी, शेंगाचटणी, काळा मसाला नीट बंद करून न्यायला हरकत नाही. विमानतळावरच्या जाहीरनाम्यात मात्र खाण्याचे पदार्थ आहेत असं स्वच्छ लिहावं. तांदूळ, हरभरे, करडई नेऊ नयेत, कारण खाप्रा नावाच्या धान्यकिडीच्या भीतीने अमेरिकेने भारतातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात त्यांना बंदी केली आहे. ताजा कढीपत्ता चालत नाही, डाळिंबही नाही. गंमत म्हणजे वाशीच्या केंद्रात विकिरण करून पाठवलेली महाराष्ट्राची भगवी डाळिंबं न्यूयॉर्कच्या बाजारात पोचली आहेत. ज्वारीच्या पिठाची चिंता नको, कॅन्ससमध्ये ज्वारी अमाप पिकते आणि भारतीय दुकानांत पीठ मिळतं. शिकागोत डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर, ज्याच्या एका भागाला गांधी मार्ग नाव आहे, बहुतेक सगळं सापडतं. सोलापुरी चादर मात्र जरूर न्यावी.

भाषेच्या बाबतीत सोलापूरच्या मुलांना एक फायदा असतो. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी कानावर घेतच ती वाढतात, त्यामुळे आणखी एका भाषेचा धसका घेत नाहीत. काळजी उलटीकडून घ्यायची असते, मराठी टिकवण्याची. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा पुण्याच्या भारती विद्यापीठाशी जोडलेल्या आहेत. पहिल्याच वर्षी नाव घातलेलं बरं. मोठ्या मुलांच्या पालकांनी आणखी एक हिशेब मांडावा. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि एका देशाला त्यातली ७ टक्के, म्हणून भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. मूल २१ वर्षांचं झालं की ते आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही. बारा वर्षांच्या मुलीला घेऊन निघालेल्या घराने नऊ वर्षांनंतरचा हा दिवस आजच पाहून ठेवावा.

मागे राहणाऱ्या आईवडिलांसाठीही तेवढीच तयारी लागते. उन्हाळ्यात शिकागो साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेअकरा. सोलापुरात रात्री नऊला फोन केला तर तिकडे सकाळ असते. जवळचा डॉक्टर, घराची किल्ली ज्याच्याकडे आहे तो शेजारी, रुग्णालयात सही करू शकेल असा चुलतभाऊ, ही नावं कागदावर लिहून फ्रीजवर लावावीत. आईवडील पर्यटक व्हिसावर गेले तर एका वेळी सहसा सहा महिने राहता येतं. मे महिन्यात जाऊन ऑक्टोबरात परतलं तर सोलापूरचं ऊन आणि शिकागोचा बर्फ दोन्ही टळतात आणि जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला हजर राहता येतं. आधीपासूनच्या आजारांना प्रवासविमा कितपत लागू आहे, ते पॉलिसीत वाचून घ्यावं. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावीत.

फ्लॅट, प्लॉट किंवा सातबाऱ्याची कामं निघणार असतील तर कुलमुखत्यारपत्र सोलापुरात असतानाच नोंदवून ठेवावं. शिकागोहून करायचं झालं तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकन करून, टपालाने इकडे पाठवून, मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि तोवर इकडचं गिऱ्हाईक बहुधा दुसरा प्लॉट पाहून मोकळं झालेलं असतं.