डब्यातला गॅस आणि डोंगरातली थंडी

गिर्यारोहणाच्या दुकानात गॅसचा डबा घेताना गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं: केवढ्याला आणि किती दिवस पुरेल? आत नेमका कोणता गॅस आहे, हे डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं आणि ते सहसा कोणी वाचत नाही. खरं तर डबा निवडायचा तो त्याच ओळीवरून. नवी मुंबईच्या ट्रेकरला तर ती वाचण्याचं कारण जास्तच आहे. त्याची सॅक एखाद्या शनिवारी कर्नाळ्याला किंवा प्रबळगडाला जाते आणि डिसेंबरात तीच केदारकंठाच्या बर्फात. या दोन ठिकाणांची थंडी वेगळी, म्हणून गॅसही वेगळा लागतो.

डब्यात गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. तो बर्नरपर्यंत पोहोचायचा तर आधी त्याची वाफ व्हावी लागते. समुद्रसपाटीच्या दाबाला साधा ब्यूटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो, आयसोब्यूटेन उणे ११.७ अंशांना, तर प्रोपेन थेट उणे ४२ अंशांना. त्याखाली तापमान गेलं, की डबा हलवल्यावर आत द्रव डुचमळतो, पण शेगडी पेटत नाही. घरच्या सिलिंडरातही मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेनच असतात. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात नैसर्गिक वायूतून जो एलपीजी वेगळा काढतात, तो हाच. मग सगळ्या डब्यांत प्रोपेनच का भरत नाहीत? अडचण दाबाची आहे. ५० अंशांना ब्यूटेनचा दाब साधारण ५ बार असतो, प्रोपेनचा १७ बार. एवढा दाब सोसायला जाड पोलादी सिलिंडर हवा आणि तो पाठीवर घेऊन कोणी गड चढत नाही. म्हणून हलक्या डब्यात थोडा प्रोपेन आणि बाकी ब्यूटेन किंवा आयसोब्यूटेन असं मिश्रण येतं, आणि ते महाग पडतं.

सह्याद्रीसाठी हा जादा खर्च बहुतेक वेळा वाया जातो. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच. ‘जानेवारीत हरिश्चंद्रगडावर पहाटे बोटं बधिर होतात, त्याचं काय?’ असं कोणी विचारेल. शंका रास्त आहे, कारण द्रवाची वाफ होताना डबा स्वतःच गार होत जातो. शेगडी बराच वेळ चालली की त्याच्यावर दव धरतं आणि ज्योत मंदावते. पण हवा आठ-दहा अंशांची असताना यावर सोपा उपाय आहे. डबा ताटलीभर कोमट पाण्यात ठेवला, की ज्योत पुन्हा जोर धरते. पाणी कोमटच हवं, उकळतं नको. इंधनाचा हिशेबही कठीण नाही. एक लिटर पाणी उकळायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम गॅस ४६ किलोज्यूल देतो, पण त्यातली निम्मी उष्णता हवेत जाते असं धरलं, तर लिटरमागे १३ ग्रॅम गॅस जळतो. वारा असला तर याहून बराच जास्त. त्यामुळे पठारावर महागड्या मिश्रणापेक्षा चांगला आडोसा अधिक गॅस वाचवतो. मात्र डब्यावरच बसणाऱ्या शेगडीला पत्र्याने चारी बाजूंनी वेढू नये, कारण मग डबाच तापतो.

हिमालयात गणित फिरतं. यावर एक हुशार आक्षेप घेतला जातो: उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे ब्यूटेन आणखी कमी तापमानाला उकळेल, मग तो का चालू नये? ४,००० मीटरवर ही सवलत साधारण १२ अंशांची मिळते, हे खरं. पण दर हजार मीटरला तापमान सुमारे ६ अंशांनी उतरतं, म्हणजे तेवढ्याच उंचीवर हवा २४ अंशांनी गार झालेली असते. मिळालं त्याच्या दुप्पट गेलं. शिवाय मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो आणि शेवटी उरतो तो जड भाग. तो साधा ब्यूटेन असेल, तर ऐन थंडीत अर्धा-पाव भरलेला डबाही दगा देतो. म्हणून बर्फात जाताना डब्यावर आयसोब्यूटेन आणि प्रोपेन ही दोन्ही नावं दिसली पाहिजेत.

असा डबा इथून नेता मात्र येत नाही. विमानात तो हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि खाली दिलेल्या सामानातही. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा नियम कागदापुरता नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला पर्यटकांच्या रेल्वेडब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे लागलेल्या आगीत नऊ जण गेले. तेव्हा गॅस डेहराडून किंवा मनालीला पोहोचून घ्यायचा आणि शेगडी घेतानाच आटे असलेल्या डब्याला बसणारी घ्यायची, कारण गिर्यारोहणासाठी मिळणारी मिश्रणं बहुतेक त्याच डब्यांत असतात. राहिला काटकसरीचा मार्ग: रिकामा डबा घरच्या सिलिंडरवरून भरून घेणं. पैसे वाचतात, यात शंका नाही. पण ब्यूटेनच्या हिशेबाने बनवलेल्या पातळ डब्यात त्यामुळे किती प्रोपेन शिरला आणि डबा किती भरला, हे कोणालाच ठाऊक नसतं. मे महिन्यात पनवेलच्या उन्हात उभ्या गाडीत असा डबा ठेवणं म्हणजे शंभर-दोनशे रुपयांसाठी जिवाशी खेळणं.