दोन संगणकांची गट्टी

दोन काड्यापेट्या आणि दोरा घेऊन केलेला टेलिफोन तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळला असेल. एकाने पेटी तोंडाला लावायची, दुसऱ्याने कानाला. दोघांनीही एकदम तोंडाला लावली तर? दोघे ओरडत राहतील, ऐकणार कोणीच नाही. दोन संगणक तारेने जोडतानाही पहिली अडचण हीच येते.

१९९० च्या दशकात आयबीएम पद्धतीच्या संगणकांना मागे नऊ पिनांचा 'सीरियल पोर्ट' असे. त्यातील ३ क्रमांकाची पीन म्हणजे संगणकाचे तोंड, २ क्रमांकाची म्हणजे कान, आणि ५ क्रमांकाची म्हणजे दोघांचा सामायिक शून्य व्होल्ट. बाकीच्या पिना येथे बाजूला ठेवू. दोन्ही संगणक सारखेच, तेव्हा सरळ तार लावली की तोंडाला तोंड आणि कानाला कान! म्हणून एकाची ३ दुसऱ्याच्या २ ला आणि एकाची २ दुसऱ्याच्या ३ ला जोडत. हा पोर्ट एरवी मोडेमला जोडला जाई. येथे मध्ये मोडेम नाही, म्हणून या उलटसुलट केबलला 'नल मोडेम' केबल असे नाव पडले.

या तारेतून बिट एकामागून एक, रांगेने जातात. वेग जास्तीत जास्त सेकंदाला १,१५,२०० बिट. एका बाइटचे ८ बिट. त्यांच्या आधी 'सुरुवात' सांगणारा एक आणि शेवटी 'संपले' सांगणारा एक, असे १० बिट होतात. म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. त्या काळच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर १४,७४,५६० बाइट मावत. भागाकार करा: बरोबर १२८ सेकंद! (हिशेब इतका नेटका सुटतो की परीक्षेत घालण्याचा मोह व्हावा.)

आता खेळाकडे वळू. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' हा खेळ आला. खेळ मारामारीचा, पालकांचे त्याबद्दलचे मत काहीही असो, त्यातील युक्ती मात्र अभ्यासण्याजोगी आहे. पडद्यावर ३२० × २०० म्हणजे ६४,००० ठिपके, प्रत्येकास एक बाइट, आणि सेकंदाला ३५ चित्रे. एकूण २२,४०,००० बाइट झाले. आपली तार तर याच्या जवळजवळ १९४ पटींनी अपुरी! मग दोघे मित्र दोन संगणकांवर एकच खेळ कसा खेळत?

उत्तर असे की तारेतून चित्र जातच नसे. खेळाडू किती पुढे गेला, किती वळला, गोळी झाडली का, एवढेच पाठवले जाई. एका वेळी ८ बाइट, सेकंदाला ३५ वेळा, म्हणजे २८० बाइट. वर थोडासा बांधणीचा खर्च. सुरुवात सारखी, नियम सारखे आणि दोघांच्या हालचाली दोघांनाही ठाऊक. मग प्रत्येक संगणक स्वतःच गणित करून त्याच स्थितीला पोहोचतो.

पण खेळात नशिबाचा भाग असतो. दोघांनी आपापले फासे टाकले तर? एकाकडचा राक्षस मेलेला आणि दुसऱ्याकडचा जिवंत! म्हणून 'डूम'मध्ये २५६ आकड्यांचा एक ठरलेला तक्ता होता. दोन्ही संगणक त्यातूनच, त्याच क्रमाने 'फासे' वाचत. शिवाय प्रत्येक निरोपाबरोबर ताळा पाहण्यासाठी एक आकडा जाई. तो जुळला नाही की खेळ बंद.

फाइलीचे तसे नाही. तिचे बाइट पुष्कळ असतात, पण एखादा क्षण उशीर झाला तर बिघडत नाही. खेळाचे बाइट थोडे, पण दुसऱ्याची हालचाल कळेपर्यंत पहिल्याला थांबावे लागते; तिथे उशीर लगेच जाणवतो.

आज हेच काम ईथरनेटच्या केबलने होते. तिच्या १० व १०० मेगाबिटच्या प्रकारांत १ आणि २ क्रमांकांच्या पिना बोलतात, ३ आणि ६ क्रमांकांच्या ऐकतात. येथेही पूर्वी उलटसुलट केबल लागे. हल्लीचे बहुतेक संगणक ही अदलाबदल आपण होऊन करतात, त्यामुळे साधी केबल चालते.

शाळेत दोन संगणक असतील तर शिक्षकांच्या मदतीने करून पहा. वायफाय बंद करून दोघांना केबलने जोडा. एकाला १९२.१६८.१.१ व दुसऱ्याला १९२.१६८.१.२ असा पत्ता द्या. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. एकावरील एक फोल्डर दुसऱ्यासाठी खुले करा आणि एक मोठी फाइल पाठवून घड्याळ लावा. बाइटला ८ ने गुणून सेकंदांनी भागा. आलेला वेग जोडणीच्या सांगितलेल्या वेगापेक्षा कमी भरेल. मग एकूण तेवढ्याच बाइटच्या, पण हजारभर लहान फाइली पाठवा. वेळ तेवढाच लागतो का?