विश्लेषण : औंढ्याच्या ‘लायगो’मागचे कोडिंग नववीच्या मुलांना जमेल का?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च २,६०० कोटी रुपये. चर्चा होते ती जमिनीची आणि ४ किलोमीटरच्या दोन भुजांची. पण गुरुत्वीय लहर शेवटी सापडते ती संगणकाच्या प्रोग्राममध्ये, आणि त्याचा पाया शाळकरी मुलांना समजेल असाच आहे.

व्हेरिएबल आणि लूप म्हणजे काय?

वसमतच्या मोंढ्यात फळ्यावर ‘हळदीचा भाव’ लिहिला आहे असे समजा. शब्द तेच राहतात, पुढचा आकडा लिलावागणिक बदलतो. नाव कायम आणि किंमत बदलती, हेच व्हेरिएबल.

अमेरिकेतील लायगो यंत्रे दर सेकंदाला १६,३८४ नोंदी घेतात. म्हणजे तासाला सुमारे ५ कोटी ९० लाख. एवढ्या नोंदी माणूस तपासू शकत नाही. म्हणून सूचना एकदाच लिहायची आणि संगणकाला ती प्रत्येक नोंदीवर लावायला सांगायचे. हा झाला लूप.

खरी कसोटी कुठे लागते?

‘कंडिशन’मध्ये, म्हणजे ‘असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर’. लिहायला सोपी, पण कोणती अट घालायची हे ठरवणे अवघड.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली तेव्हा लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्ड ही दोन यंत्रे सुरू होती. अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, त्यामुळे दोन्हींकडे पोहोचण्यात जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. वेळेच्या मोजणीतल्या अनिश्चिततेसाठी ५ मिलिसेकंदांची सूट धरून मर्यादा १५ ठेवली गेली. त्यापेक्षा जास्त फरक असेल तर तो संकेत जोडीचा नाही. त्या दिवशीचा फरक होता सुमारे ७ मिलिसेकंद. या अटीमागे नववीचेच गणित आहे : अंतर भागिले वेग. कोडिंगच्या महागड्या क्लासमध्ये अनेकदा नेमके हेच राहून जाते आणि मुले आज्ञा पाठ करतात.

राहिले फंक्शन. वारंवार लागणाऱ्या सूचनांचा गठ्ठा बांधून त्याला नाव द्यायचे, इतकेच.

इंग्रजी कच्चे असेल तर?

लायगोच्या कामात वापरली जाणारी ‘पायथन’ भाषा मोफत आहे. तिच्यात ‘इफ’, ‘फॉर’ असे जेमतेम ३५ राखीव शब्द आहेत आणि ते इंग्रजीतच लिहावे लागतात. व्हेरिएबलची नावे मात्र चक्क मराठीत देता येतात. ‘वेग’ किंवा ‘अंतर’ देवनागरीत लिहिले तरी प्रोग्राम चालतो.

सुरुवात कशी करावी?

‘गुगल कोलॅब’ मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालते. बोटाने कोड टाइप करणे कंटाळवाणे आहे, त्यामुळे शाळेत संगणक कक्ष असेल तर तो बरा. २०१५ च्या त्या लहरीची ३२ सेकंदांची फाइल ‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर’वर सर्वांसाठी खुली आहे. सेकंदाला ४,०९६ नोंदींची फाइल घेतली तर एकूण १,३१,०७२ नोंदी होतात. एक लूप आणि एक कंडिशन वापरून त्यातली सर्वांत मोठी नोंद शोधून पाहा. ती सापडेल, पण ती लहर नसेल. मूळ नोंदींत यंत्राचा आणि जमिनीचा गोंगाट लहरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो गाळायला फिल्टर लागतो आणि त्याचे पायथनमधले धडेही तिथेच मोफत आहेत.