सूक्ष्म कणांचे रहाटगाडगे

विहिरीवरचा रहाट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. चाकावर गाडग्यांची माळ असते. एक गाडगे भरून वर येते, रिते होते आणि पुन्हा खाली जाते. आज मी ज्या रहाटाविषयी बोलणार आहे, त्याची गाडगी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांत पाण्याऐवजी वीज साठते.

फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोलीवर, सर्न या संस्थेचा २७ किलोमीटर परिघाचा बोगदा आहे. त्यात प्रोटॉनांचे पुंजके समोरासमोर आदळविण्याची योजना आहे. दोन भेटींमधील अंतर २५ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा चार कोटीवा भाग! टकरीतून उधळलेले कण कोणत्या वाटेने गेले हे कळले, तरच तेथे काय घडले याचा उलगडा होतो. ही वाट टिपण्यासाठी 'सीएमएस' नावाच्या प्रचंड उपकरणात २००७ च्या अखेरीस सुमारे २०० चौरस मीटर सिलिकॉन बसविण्यात आले. त्यावर सुमारे ९३ लाख बारीक पट्ट्या होत्या. याच उपकरणाच्या दुसऱ्या एका भागासाठी लागणाऱ्या सिलिकॉन पट्ट्यांपैकी काही तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने मिळून घडविल्या, हे आपल्याला आवर्जून सांगितले पाहिजे.

कण पट्टीतून पार होतो तेव्हा काय होते? मिलिमीटरच्या तीन दशांश जाडीच्या सिलिकॉनमध्ये सुमारे २२ हजार इलेक्ट्रॉन मोकळे होतात. संख्या मोठी वाटते. पण घरातल्या साध्या दिव्यातून दर सेकंदाला कोटीच्या कोटीपटीहूनही अधिक इलेक्ट्रॉन वाहतात. शिवाय मोजणाऱ्या मंडलाची स्वतःची कुजबुज असतेच, आणि तीही हजार इलेक्ट्रॉनांच्या घरात जाते. असा क्षीण संदेश लांब तारेतून पाठविला, तर तो वाटेतच त्या गोंगाटात बुडून जाईल. म्हणून वर्धक पट्टीच्या अगदी शेजारी बसवावा लागतो. हे काम 'एपीव्ही-२५' नावाची चिप करते. एका चिपमध्ये १२८ पट्ट्यांची सोय, आणि अशा चिपा सुमारे ७३ हजार.

आता रहाटाकडे वळू. प्रत्येक पट्टीच्या वाट्याला चिपमध्ये १९२ गाडगी, म्हणजे वीज साठविणाऱ्या सूक्ष्म कप्प्या आहेत. दर २५ नॅनोसेकंदांनी एकेका कप्पीत त्या क्षणाचा संदेश ओतला जातो. इतकी गाडगी कशाला? कारण कोणती टक्कर जपावी, याचा निवाडा उपकरणाचे दुसरे भाग करतात, आणि त्या निवाड्याला सुमारे चार मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत १६० नवे क्षण येऊन ठेपतात! निवाडा अनुकूल आला, तर नेमके ते गाडगे बाजूला काढून त्यातील संदेश प्रकाशतंतूंवाटे वर पाठविला जातो. नाही तर त्याच गाडग्यात नवा क्षण ओतला जातो आणि जुना कायमचा नष्ट होतो. चारशे क्षणांमागे जेमतेम एक टिकतो.

एवढ्या नाजूक व्यवस्थेत लहानशी चूक किती महागात पडते, याचा अनुभव २०१५ आणि २०१६ साली आला. टकरींची गर्दी वाढली तसतशा कणांच्या खुणा गहाळ होऊ लागल्या. जड आघात करणाऱ्या विरळ कणांवर प्रथम संशय घेण्यात आला. खरे कारण निराळेच निघाले. किरणोत्साराने सिलिकॉन जखमी होते आणि त्यातून वीज पाझरू लागते. ती आवरण्यासाठी उपकरण अधिक थंड ठेवण्यात आले होते. त्या थंडीत वर्धकात साचलेली वीज ओसरायला अधिक वेळ लागू लागला. म्हणजे गाडगी शाबूत होती, पण त्यांवरचे पन्हळच तुंबत होते! ऑगस्ट २०१६ मध्ये चिपमधील एका विद्युद्दाबाची मात्रा बदलली आणि पन्हळ मोकळे झाले. पण त्या वर्षीच्या नोंदींचा मोठा भाग तोवर जमा झालेला होता. हरवलेल्या खुणा काही परत आल्या नाहीत. त्यांच्या तुटीचा हिशेब मांडूनच संशोधकांना पुढील निष्कर्ष काढावे लागले.

एखाद्या नव्या कणाचा शोध लागला, की आपण सिद्धान्ताचे कौतुक करतो, आणि ते उचितच आहे. परंतु त्या सिद्धान्ताचा साक्षीदार कोण? साक्ष देतो तो हा इवलासा रहाट. त्याने चार मायक्रोसेकंद आपली आठवण शुद्ध राखली, तरच निसर्गाचे म्हणणे आपल्या कानी पडते. निवाडा कितीही सूज्ञ असो, साक्षच पुसली गेली असेल तर त्याचा उपयोग काय?