शमुवेल : एक नाव आणि त्याचे धनी

म्हैसूर शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर, कावेरीच्या दोन प्रवाहांनी वेढलेले श्रीरंगपट्टणाचे बेट आहे. हैदरअली आणि टिपू सुलतान यांची ही राजधानी. इंग्रजांशी म्हैसूरकरांचे दुसरे युद्ध झाले ते १७८० ते १७८४ या काळात. कंपनीच्या मुंबई फौजेने घेतलेले बेदनूर टिपूने १७८३ साली परत जिंकले आणि त्या फौजेतील पुष्कळ शिपाई व अधिकारी म्हैसूरकरांच्या कैदेत पडले. या युद्धात कैद झालेल्यांत मुंबई फौजेतील एक हिंदी अधिकारी होता. त्याचे नाव सामाजी हसाजी दिवेकर.

हे नाव ऐकताच कोणालाही वाटावे की, हा कोकणातला एखादा मराठा सरदार असेल. शिवाजी, संभाजी यांच्याच घाटाचे हे नाव आहे, आणि आडनाव तर उघडउघड गावावरून पडलेले. परंतु या नावातील आरंभीचे दोन शब्द मूळचे मराठी नव्हेत. सामाजी म्हणजे हिब्रू भाषेतील शमुवेल आणि हसाजी म्हणजे यहेज्केल. दिवेकर हे बेने इस्राएल समाजाचे होते. प्राचीन काळी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज येथे आले, असे हा समाज मानतो. कोकणात त्यांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला, मराठी ही मातृभाषा केली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे त्यांना शनिवार तेली असे नाव पडले.

यहुदी लोकांत मुलाचे नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या विधीच्या वेळी ठेवतात. धार्मिक प्रसंगी मनुष्याला त्याच्या नावाने आणि पित्याच्या नावाने पुकारतात. मध्ये ‘बेन’, म्हणजे पुत्र, हा शब्द येतो. शमुवेल बेन यहेज्केल, म्हणजे यहेज्केलाचा पुत्र शमुवेल. मराठीतही स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव, अशीच रीत असल्यामुळे हिब्रू नाव मराठी साच्यात सहज बसले. ‘बेन’ गळला, ‘जी’ आला आणि शेवटी गाव जोडले गेले. शास्त्रातील एक संदेष्टा, घरातील पिता आणि कोकणातील एक खेडे, असे तिघे या एका नावात एकत्र नांदतात.

आता शमुवेल या नावाचा अर्थ पाहू. ही कथा बायबलच्या जुन्या करारात त्याच्याच नावाच्या ग्रंथात आली आहे. एलकाना नावाच्या गृहस्थाला दोन स्त्रिया होत्या. पनिन्नेला मुले होती, हन्नेला नव्हती. आणि सवतीचे टोमणे तिच्या नित्याचे झाले होते. वार्षिक यात्रेसाठी कुटुंब शिलो येथील देवस्थानी गेले असता हन्नेने देवापुढे अश्रू ढाळीत नवस केला की, मुलगा झाला तर तो जन्मभर तुझ्याच सेवेला देईन. तिचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. दाराशी बसलेल्या वृद्ध याजक एलीला वाटले की, ही बाई मद्य पिऊन आली आहे. खरा प्रकार कळल्यावर त्याने तिला आशीर्वाद दिला. पुढे तिला पुत्र झाला आणि तिने त्याचे नाव शमुवेल ठेवले. कारण त्याला तिने परमेश्वरापाशी मागितले होते.

हन्नेने दिलेले हे कारण विद्वानांना मोठे कोडे वाटत आले आहे. हिब्रूत मागणे या क्रियेचा धातू ‘शाआल’ असा आहे. या धातूपासून जे नाव सरळ निघते ते शमुवेल नसून शाऊल, म्हणजे मागितलेला, असे आहे. आणि शाऊल हे तर पुढे ज्याला शमुवेलाने राज्याभिषेक केला, त्या इस्राएलच्या पहिल्या राजाचे नाव. ‘देवाने ऐकले’ हा लोकांत रूढ असलेला अर्थ कथेला शोभतो. पण ऐकणे या अर्थाच्या ‘शामा’ धातूच्या शेवटी ‘आयिन’ हे कंठ्य अक्षर असते. इश्माएल, म्हणजे देव ऐकतो, या नावात ते अक्षर आहे; शमुवेल या नावात ते नाही. म्हणून अनेक व्याकरणकार ‘शेम’, म्हणजे नाव, आणि ‘एल’, म्हणजे देव, असे दोन भाग पाडून ‘देवाचे नाव’ किंवा ‘ज्याचे नाव देव आहे तो’ असा अर्थ लावतात.

व्याकरणाचा निर्णय असा असला तरी हन्नेचा अर्थ खोटा ठरत नाही. जुन्या करारात आया मुलांची नावे ठेवतात, तेव्हा त्या व्युत्पत्ती सांगत नाहीत. ध्वनीच्या आधाराने आपल्या आयुष्यातील एखादा क्षण त्या नावात बांधून ठेवतात. महाराष्ट्रातही नवसाने झालेल्या मुलाला देवाचे नाव देतात, आणि ते नाव हाक मारताना दरवेळी नवसाची आठवण देते. हन्नेनेही हेच केले. तिने मुलगा मागितला आणि दूध तुटताच त्याला शिलोच्या मंदिरात नेऊन देवाला वाहिले. त्यानंतर दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे, एवढेच शास्त्र सांगते; पण या एका वाक्यात त्या मातेचा सारा त्याग दिसतो.

नावातील ऐकण्याचा अर्थ पुढील प्रसंगाने फिरून येतो. एके रात्री त्या बालकाला हाक ऐकू आली. एली हाका मारतो आहे असे समजून तो तीनदा धावत गेला. तिसऱ्या वेळी वृद्धाच्या ध्यानात आले की, ही हाक देवाची आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे चौथ्या हाकेला मुलाने उत्तर दिले की, बोल, तुझा दास ऐकतो आहे. आईचे मागणे देवाने ऐकले होते. आता देवाचे बोलणे मुलाने ऐकले. पुढे शमुवेलाने लोकांचा न्यायनिवाडा केला, त्यांच्या आग्रहावरून शाऊलला आणि नंतर बेथलेहेमातील मेंढपाळ दावीदाला अभिषेक केला. म्हातारपणी त्याने लोकांना एकत्र जमवून विचारले की, मी कोणाचा बैल घेतला, कोणाला लुबाडले, ते सांगा. कोणीही तक्रार केली नाही.

शास्त्रात या नावाचे आणखी दोघे आढळतात. कनान देशाची वाटणी करण्यासाठी नेमलेल्या सरदारांत शिमोन वंशाचा, अम्मीहूदाचा पुत्र शमुवेल होता; आणि इस्साखार वंशाच्या वंशावळीत तोलाच्या पुत्रांत एक शमुवेल आहे. दोघांची केवळ नोंद आहे. शास्त्राबाहेर तिसऱ्या शतकात बाबिलोनमधील नहरदेआ येथे शमुवेल नावाचे मोठे धर्मपंडित व ज्योतिर्विद होऊन गेले. ज्या राज्यात राहावे तेथील कायदा हा यहुद्यांनाही कायदाच होय, हे तत्त्व त्यांच्याच नावावर आहे. परमुलखात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या समाजाला या तत्त्वाने मोठा आधार दिला.

असा हा वारसा नकळत बाळगणारे सामाजी दिवेकर आणि त्यांचे बंधू म्हैसूरकरांच्या कैदेत होते. पुढची हकीकत बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. कैद्यांना मृत्यूची शिक्षा व्हावयाची होती. तुम्ही कोण, असे विचारता त्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले. टिपूच्या आईच्या कानी हे पडले. बनी इस्राईल हे नाव तिने कुराणात वाचले होते. त्या लोकांपैकी कोणी प्रत्यक्ष आपल्यासमोर आहेत हे ऐकून तिने त्यांचे प्राण वाचवण्याची विनंती पुत्राला केली आणि ते वाचले.

या परंपरेतील संवाद शब्दशः घडला असेल वा नसेल; पण त्यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, आम्हांला राजा नेमून दे असे बनी इस्राईल आपल्या संदेष्ट्यापाशी मागतात, हा प्रसंग आला आहे. तो संदेष्टा शमुवेलच होय, असे भाष्यकार सांगतात. परंतु मूळ ग्रंथात त्याचे नाव नाही. नाव आहे ते लोकांचे. म्हैसूरच्या कैदेतही असेच घडले. सामाजी हे नाव ऐकून त्यामागील शमुवेल कोणाला ओळखता आला नसता. त्यांना वाचवले ते समाजाच्या नावाने, आणि ते नाव त्यांनी शतकानुशतके टाकले नव्हते म्हणूनच ते ऐनवेळी ओठांवर आले.

संकटात दिवेकरांनीही नवस केला होता, असे सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे हिब्रू नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. त्यासाठी तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणावयास ते कोचीनला गेले, आणि १७९७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत. ते मंदिर १८६० साली आजच्या जागी आले. तो रस्ता सॅम्युएल स्ट्रीट या नावाने ओळखला जातो, आणि जवळच्या मस्जिद स्थानकाचे नावही याच मंदिरावरून पडल्याचे सांगतात.

एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सन यांनी या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. ते १८३२ साली प्रसिद्ध झाले. हिब्रूचे शिक्षण वाढले तसे सामाजी पुन्हा शमुवेल होऊ लागले. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम शमुवेल केहिमकर यांच्या नावात ते पित्याचे नाव म्हणून शुद्ध रूपात दिसते. मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही बायबलच्या द्वारे हे नाव आले आहे.

नावाची अक्षरे झिजतात, मूळ अर्थाविषयी पंडितांचे मतभेद होतात. पण शिलो येथील हन्नेने आणि कोकणातल्या दिवेकरांनी या नावाला एकच अर्थ दिला : जे मागून मिळाले, ते परत वाहावयाचे असते. एकीने आपला पुत्र वाहिला. दुसऱ्याने आपल्या वाचलेल्या आयुष्याचे दयेचे द्वार उभे केले.