नावात ‘व्हीट’, पण गहू नाही! कुट्टूचा गरमागरम उपमा घरी कसा कराल?

कसबा बावड्यातल्या आमच्या घरी ताईला सिलिॲक आजाराचे निदान झाले आणि सकाळचा नाश्ता हा रोजचा प्रश्न होऊन बसला. या आजारात गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन चालत नाही. म्हणजे रव्याचा उपमा, शिरा, शेवया बंद. मिसळीसोबतचा ब्रेडही बंद. रोज रोज पोहे तरी किती खाणार? म्हणून मी ‘बकव्हीट’चे पाकीट आणले. आईने नाव वाचले आणि ते बाजूला ठेवले. ‘‘अरे, यात व्हीट आहे. तिला कसं चालेल?’’

आईची शंका रास्त होती, पण उत्तर वेगळे आहे.

बकव्हीट म्हणजे नेमके काय?

बकव्हीट म्हणजे कुट्टू. नावात गहू असला तरी गव्हाशी त्याचे नाते नाही. ते गवतवर्गीय धान्यच नाही. वनस्पतिशास्त्रानुसार कुट्टू आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला आहे. त्रिकोणी बियांवरचे काळपट टरफल काढले की आत फिकट दाणा मिळतो. त्यात ग्लुटेन नसते. तो धान्यात मोडत नसल्याने उत्तर भारतात उपवासाला चालतो.

हिमाचल, उत्तराखंड, लडाख, सिक्कीम या डोंगराळ भागांत त्याची शेती होते. रशियात त्याची खिचडीसारखी ‘काशा’ करतात, तर जपानमध्ये ‘सोबा’ नूडल्स. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ज्वारी, बाजरी, नाचणीबरोबर कुट्टूलाही पौष्टिक तृणधान्यांच्या यादीत घेतले.

उपमा कसा करायचा? (दोघांसाठी)

साहित्य : टरफल काढलेले कुट्टूचे दाणे १ वाटी, कडकडीत गरम पाणी २ वाट्या, १ कांदा, २ हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, मोहरी, जिरे, कढीपत्ता, तेल, मीठ, लिंबू, कोथिंबीर.

१. दाणे दोन-तीन पाण्यांनी धुऊन चाळणीत १० मिनिटे निथळत ठेवा.
२. कढईत चमचाभर तेलावर मध्यम आचेवर ५-६ मिनिटे परता. दाणे सुटे होऊन खमंग वास आला की बाजूला काढा.
३. त्याच कढईत फोडणी करून शेंगदाणे, मिरची आणि कांदा परता.
४. दाणे, मीठ आणि गरम पाणी घाला. उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर १२ मिनिटे शिजवा. मध्ये ढवळू नका.
५. गॅस बंद करून ५ मिनिटे वाफ जिरू द्या. मग लिंबू पिळा, कोथिंबीर घाला.

लगदा का होतो?

आमचा पहिला प्रयत्न खळीसारखा झाला होता. कारण साधे आहे. ओला झाल्यावर कुट्टूचा दाणा चिकट द्रव सोडतो. न भाजता शिजवला, वरून सारखा ढवळला, की सगळे एकजीव होते. आधी परतल्याने दाण्याचा बाहेरचा थर घट्ट होतो आणि दाणा सुटा राहतो. पाकिटातले दाणे तपकिरी असतील तर ते आधीच भाजलेले असतात. ते दोन मिनिटे परतले तरी पुरे. फिकट हिरवट दाणे मात्र कच्चे असतात.

खरा धोका कुठे?

दाण्यात नाही, तो आजूबाजूला आहे.

• हिंग : बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. म्हणून वरच्या फोडणीत हिंग नाही. डबीवरचे घटक वाचा.
• गिरण : ज्या जात्यावर गहू दळला, त्याच जात्यावर कुट्टू दळला तर पिठात ग्लुटेन आलेच. सिलिॲक रुग्णांसाठी ‘ग्लुटेन फ्री’ छापलेले पाकीटच घ्या. नियमानुसार अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.
• शिळे पीठ : कुट्टूच्या पिठातले स्निग्ध पदार्थ लवकर खवट होतात. २०११ च्या चैत्र नवरात्रात दिल्लीत कुट्टूच्या पिठाचे पदार्थ खाऊन अनेक जण आजारी पडले होते. सुटे पीठ टाळा. पाकिटावरची तारीख बघा आणि थोडेच आणा.
• ॲलर्जी : काहींना कुट्टूचीच तीव्र ॲलर्जी असते. पहिल्यांदा दोन चमचेच खा. अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

मग आपली नाचणी काय वाईट?

अजिबात नाही. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगडच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीतही ग्लुटेन नसते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर कुट्टूत २० च्या आसपास. प्रथिनांत मात्र कुट्टू पुढे आहे. त्यात सुमारे १३ ग्रॅम, नाचणीत ७. शिवाय नाचणी जवळची आणि खिशाला परवडणारी. गिरणीचा नियम मात्र तिलाही लागू आहे.

आमच्या घरी आता आठवड्यातले चार दिवस नाचणीची आंबील असते. रात्री ताकात पीठ भिजवायचे आणि सकाळी शिजवायचे. दोन दिवस कुट्टूचा उपमा. नाचणीच्या पिठातून रव्यासारखा दाणेदार उपमा होत नाही, ती उणीव कुट्टू भरून काढतो. रविवारी पोहे.

आईने पाकीट आता परत फळीवर ठेवले आहे. फक्त त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘गहू नाही’. शेजारच्या हिंगाच्या डबीवर लिहिले आहे, ‘ताईला नको’.